डोंगरावरची गोदी

तारवलीच्या महाराजांनी हुकूम काढला की गोदी डोंगरावर न्यावी.

हुकमाला कारण होतं. खाडीच्या तोंडाशी खडकात खोदलेली ती गोदी दोनशे वर्षांची. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी निघून गेलं की दारं लावायची आणि कोरड्या तळावर बसलेल्या गलबताची डागडुजी करायची. सुतारांची साठ घरं त्यावर जगत होती. पण दिवाण त्रिंबकपंतांना नेमक्या त्याच जागी कौलांचा कारखाना हवा होता. कारखाना म्हणजे प्रगती आणि गोदी म्हणजे खड्डा, हे त्यांनी महाराजांना पटवलं. पटवायला फार वेळ लागला नाही. रायाजीराव महाराज घाटावरून दत्तक आलेले. समुद्र त्यांनी राजवाड्याच्या सज्जातून पाहिला होता आणि तेवढा त्यांना पुरेसा वाटला होता.

"आम्ही कुणावर अन्याय करत नाही," महाराज दरबारात म्हणाले. "गोदी बुजवतो, पण वर डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावर तेवढीच जागा देतो. लांबीरुंदीत एक हात कमी नाही. महिन्याभरात तिथं गोदी करा."

सुतारांचा म्होरक्या गोपाळ मेस्त हात जोडून पुढे झाला. "म्हाराजानू, सड्यार पाणी..."

"अडचणी सांगू नका," दिवाण म्हणाले.

"जमणार नाही असं जो म्हणेल, त्यानं त्याच दिवशी संस्थान सोडायचं," महाराजांनी भर घातली. आपण हट्टी आहोत याचा त्यांना मोठा अभिमान होता.

गोपाळ मागे सरला. तेव्हा त्याची लेक आवडी उठली. गलबताच्या फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं.

"जमतला," ती म्हणाली. "फक्त एक मागणा. नव्या गोदीत एक गलबत शिरांदे, मगे जुनी बुजवा. आणि पयला गलबत म्हाराजांचाच आसाक व्हया. त्येच्या तळाक कीड लागली हा."

"किती समंजस मुलगी!" दिवाण म्हणाले. महाराजांनीही मान डोलावली.

घरी येईपर्यंत गोपाळनं दम धरला. मग भडकला. "साठ घरांचो घात केलंस गो!"

"बाबानू, नाय म्हणूची बंदी हा," आवडी म्हणाली. "व्हय म्हणूची नाय."

दुसऱ्या दिवसापासून सगळे सुतार सड्यावरचा जांभा दगड फोडायला लागले. काम त्यांनी मन लावून केलं, हे मान्य करायला हवं. महिन्यात लांबरुंद खड्डा तयार झाला. उतरायला पायऱ्या झाल्या, सागवानी दारं बसली, दारांवर झेंडूची तोरणंसुद्धा लागली. खाली समुद्र तेवढा होता तिथंच होता.

वैशाखातल्या भर दुपारी महाराज लवाजम्यासह सड्यावर आले. त्यांनी गोदी पाहिली, दिवाणांकडे पाहिलं आणि दोघंही प्रसन्न झाले.

"आता पुढं काय?" महाराजांनी विचारलं.

"आता आमची रीत," आवडी म्हणाली. "गोदीत गलबत घेताना धन्यान अनवाणी उतरान शेवटच्या पायरीर उभ्या रवाचा. भरतीचा पाणी पायाक लागला की गलबत आत. तवसर धन्यान हलाचा नाय, नायतर गलबताक अपशकुन. तुमच्या आज्या-पणज्यांनी ही रीत पाळली हा."

दत्तक आलेल्या माणसाला आज्या-पणज्यांचं नाव फार जपावं लागतं. महाराजांनी मोजड्या काढल्या आणि ते खाली उतरले. "दिवाणजी, जागा तुम्ही निवडलीत. तुम्हीही या."

जांभा तव्यासारखा तापला होता. महाराजांनी डावा पाय उचलला, मग उजवा. दिवाणांनीही तेच केलं, पण अदबीनं, महाराजांच्या मागून. छत्रीवाला वर होता. छत्रीची सावली महाराजांच्या डोक्यापर्यंत पोचत होती, पायांपर्यंत नाही.

"पाणी कधी येणार?"

"खालच्या गोदीत ओहोटीपासून सा तासांनी येता," आवडी म्हणाली. "हयची जागा नवीन. दिवाणजींनी बघून निवडल्यानी हा, त्यांका ठावक."

महाराज दिवाणांकडे वळले. "काय हो? इथं पाणी येणार नाही की काय?"

दिवाणांना 'जमणार नाही' म्हणणाऱ्याची शिक्षा आठवली. त्यांचं घर, त्यांची आमराई आणि पाच नातवंडं संस्थानातच होती. "येईल, महाराज," ते म्हणाले. "येईलच."

"मग थांबू."

आणखी घटका गेली. महाराज आता पाय बदलत नव्हते, नाचतच होते. शेवटी ते ताडताड पायऱ्या चढून वर आले आणि ओरडले, "अरे, डोंगरावर भरती येते का कुठं? हे जमणार नाही!"

 गोपाळनं डोळे मिटून घेतले.

"म्हाराजानू, हळू बोला," आवडी म्हणाली. "तसा म्हणणाऱ्याक आजच्या आज संस्थान सोडूचा लागता."

महाराजांचा चेहरा पायांपेक्षा लाल झाला. "म्हणजे तू मुद्दाम आम्हाला या निखाऱ्यावर उभं केलंस?"

"घटकाभर, म्हाराजानू," आवडी म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "आमका हय जल्मभर उभ्या रवाचो हुकूम हा."

महाराजांनी तिच्याकडे बघितलं. मग आपल्या भाजलेल्या पायांकडे बघितलं, मग त्या तोरण लावलेल्या कोरड्या खड्ड्याकडे, आणि त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की छत्रीवाल्याला त्यांना धरावं लागलं.

"लिहा, दिवाणजी," ते डोळे पुसत म्हणाले. "आधीचा हुकूम रद्द, नाहीतर आम्हालाच संस्थान सोडावं लागेल. कौलांचा कारखाना इथं या खड्ड्यात होईल, खोदाई आयती झालीच आहे. खालची गोदी आहे तशी राहील. तिचा कारभार आजपासून आवडी बघेल आणि उद्याच्या भरतीला आमचं गलबत आत घेईल. आणि यापुढं गोदीबद्दलचा कुठलाही हुकूम लिहायचा झाला, तर दुपारी, अनवाणी, गोदीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून लिहावा. सुरुवात या हुकमापासून."

दिवाण अजून खालीच होते. त्यांना वर यायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एक पाय उचलला, गुडघ्यावर कागद ठेवला आणि हुकूम लिहून घेतला.