नंदीचा खांदा

“पण बाबा, नंदीच्या खांद्यावर जखम नसावी असं कुठं लिहिलंय?”

रेवण पाथरवटाचा आवाज चढला होता. महादेवाच्या देवळापुढे त्याने घडवलेला नवा नंदी ठेवला होता. गळ्यात घुंगुरमाळ नाही, पाठीवर झूल नाही. खांदा जोखडाने सोललेला, पुठ्ठ्यावर पराणीने टोचल्याचे वण. गावातला कुठलाही बैल असावा तसा.

गाव भडकलं होतं. निकाल देवळातल्या भैरवगिरी बाबांनी द्यायचा होता. बाबा नाही म्हणाले, तर रेवणची अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत ओढ्यात जाणार होती. तरी गडी ताठ्यातच. गुरू आपलेच आहेत ना!

“देवाच्या दारात असला बैल?” सटवाजी कडाडला. आरती असो की भांडण, देवळात त्याचाच आवाज मोठा. “आमी काय हाल करतो व्हय जनावरांचे?”

रेवण हसला. “आत नंदीच्या पाया पडायचं, बाहेर बैलाला टोचायचं. बघा की जरा स्वतःकडे!”

“बाबा, तुमीच सांगा ह्याला!”

बाबा उठले.

पूजेतली हळद वाटीत घेतली, तीत तूप घातलं आणि नंदीजवळ फतकल मारून बसले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतात, तसा तो दगडी खांदा मळू लागले.

“पोळ्याला अजून लई दिस हायत, बाबा,” सटवाजी म्हणाला.

“हो का?”

बाबा मळतच राहिले. हळूहळू, दुखू नये अशा बेताने.

रेवण कासावीस झाला. “बाबा, नका! जखम झाकून जाईल. तीच तर दाखवायची आहे!”

“हं...”

जखम हळदीने भरून गेली. वाटी रिकामी झाली.

सटवाजी बराच वेळ बाबांच्या बोटांकडे बघत होता. मग तो आवाराबाहेर गेला. लिंबाखाली त्याचा बैल बांधला होता. त्याने खांद्याला हात लावताच बैलाने अंग चोरलं.

तो परत आला, तेव्हा त्याचा आवाज पार खाली गेला होता.

“बाबा... थोडी हळद उरली का?”

बाबांनी रिकामी वाटी दाखवली. मग नंदीकडे बोट केलं.

सटवाजीने दगडी खांद्यावरची हळद दोन्ही हातांनी निपटून घेतली आणि तसाच ओंजळ सांभाळत लिंबाकडे गेला.

जखम पुन्हा उघडी पडली.

रेवण बघतच राहिला. त्याला फार बरं वाटलं. भांडण कशावरून होतं तेही क्षणभर आठवेना.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “मग... बसवायचा का हा नंदी?”

बाबांनी वाटी त्याच्या हातात दिली.

“बसवू की. तू फक्त हळद कमी पडू देऊ नकोस.”