मिठाच्या पाण्यातलं पनीर

"मग राग मेला म्हणतोस?" भुजंगनाथ महाराजांनी विचारलं.

"मेला, महाराज." आत्माराम ताठ बसला. "वर्षभर हिमालयात, बर्फात राहिलो. मौन पाळलं. एकदाही राग आला नाही. आता दीक्षा द्या."

दूधसंघाच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून हा गडी मठात आला, तेव्हापासून त्याला एवढीच आस. आज ती पुरी होणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. स्वारीनं भगवी छाटीसुद्धा आधीच धुऊन वाळवून ठेवली होती!

महाराज उठून स्वयंपाकघरात गेले. आत्माराम मागोमाग.

फ्रीजमधून त्यांनी काचेची बरणी काढली. आत मिठाच्या पाण्यात पनीरचे तुकडे. गेल्या महिन्यातल्या भंडाऱ्यात उरलेले.

"खाऊ या?"

"नको, महाराज. फार दिवसांचं आहे. जंतू असतील."

"थंडीत होतं की. वर मीठ. मेले असतील एव्हाना."

आत्माराम कीव आल्यासारखा हसला.

"थंडीनं मरत नाहीत सगळे. काही जंतू मोठे चिवट. गारठ्यात अंगावरचं आवरण कडक होऊ नये म्हणून त्यातली चरबीच बदलतात, मऊ ठेवतात. खारात अंगातलं पाणी सुटू नये म्हणून ते धरून ठेवणारे पदार्थ आत साठवतात. आणि हळूहळू वाढतातसुद्धा, फ्रीजमध्ये!"

"अरे वा! भलतेच गुणी." महाराज खूश झाले. "पण वास तर छान येतोय."

"वासावरून कळत नाही."

"रंगही पांढराशुभ्र."

"रंगावरूनही नाही, महाराज."

"तू आपला उगाच घाबरट..."

आणि महाराजांनी तुकडा तोंडाशी नेला.

"अहो, कळतं का तुम्हाला काही!" आत्माराम केवढ्यांदा ओरडला! त्यानं फटकन् महाराजांच्या हातावर चापट मारली. पनीर उडून कोपऱ्यात पडलं. "या वयात पोट बिघडलं म्हणजे? लहान मूल आहात का? मघापासून घसा फोडून सांगतोय..."

...

त्याचे कान लालबुंद झाले. गुरूवर हात उचलला! गेली दीक्षा.

चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या भागूमावशींनी तोंडाला पदर लावला. खांदे मात्र गदागदा हलत होते. महाराजांना तर हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बघून आत्मारामलाही फुटलं. पोट धरून हसला तो, भिंतीला टेकून. किती हलकं वाटलं त्याला!

"म्हणजे... मेला नव्हता तर," तो कसाबसा म्हणाला. "आता दीक्षा नाही ना?"

महाराजांनी डोळे पुसले.

"उद्या सकाळी देतो. मेला नाही हे कळलं, तेवढं पुरे. मात्र एकांतातली खोली विसर. इथं चुलीपाशी राहा. ऊब भरपूर आहे, आणि मावशी दिवसभर ओरडतात."