खडकाखालचं राखीव बियाणं

जांभूळडोंगरावर कोणे एके काळी खारींची वस्ती होती. एका वणव्यात त्यांचं सगळं बियाणं जळून गेलं. तेव्हापासून प्रत्येक घर निम्मं बियाणं खडकाखालच्या बिळात ठेवू लागलं. राखण धोंडू कासवाकडे होती. बिळाचं दार भक्कम होतं, पण दार वाजवणाऱ्याला नाव विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

एका दुपारी पिंगी चिचुंद्री सावली शोधत तिथे आली. तिने दार वाजवलं. बियाणं न्यायलाच कुणी आलंय असं समजून धोंडूने काही न विचारता बियांचं गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. घरी पिल्लं भुकेली होती, तरी पिंगी ते ओढत थेट खारींच्या म्होरकीकडे, झुपकाताईकडे गेली.

"ताई, हे तुमचं. मला कुणी काही विचारलंच नाही!"

"तू आत शिरलीसच कशी?" खारी तिच्यावर ओरडल्या.

झुपकाताईने त्यांना थांबवलं. "ही परत द्यायला आली. दुसरं कुणी आलं असतं तर?"

तिने धोंडूला बोलावून घेतलं. तो ओशाळून म्हणाला, "चूक माझी. आजपासून प्रत्येकाला नाव आणि घराची खूण विचारीन."

चारच दिवसांनी घुशींची टोळी आली. खूण सांगता येईना, तशी ती हात हलवत परत गेली.

दुसऱ्या दिवशी पिंगीच्या पिल्लांसाठी बिया न्यायला झुपकाताई स्वतः आली.

"नाव?" धोंडूने विचारलं.

"अरे, मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो. तरी सांगा."

झुपकाताई खुदकन हसली आणि तिने मोठ्याने आपलं नाव सांगितलं.