वेळूचं अत्तर

एका राज्यात माणसाचा मान नाकावर ठरे. हसू नका! तिथली राजगादीच मुळी अत्तरं काढणाऱ्यांची. राजघराण्यातल्या लेकरानं तांब्याच्या डेगीत फुलं उकळावीत, वाफ चंदनाच्या तेलात उतरवावी आणि भरल्या सभेत हुंगायला द्यावी, अशी रीत. चंदनावाचून अत्तर नाही, हे त्या गादीचं ब्रीद.

एकदा धूम्रजट नावाचा मायावी सभेत गुलाबाचं अत्तर घेऊन आला. राजपुत्र जयकेतूनं हुंगलं आणि म्हणाला, "मायावी, ह्यात गुलाब नाही. नुसती माया आहे."

खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो. हा तर मायावी. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूठभर राख फेकून तो गरजला, "नाकाचा एवढा तोरा? मग वेळू हो! वेळूचं अत्तर आजवर कुणाला साधलेलं नाही. बेटानं अत्तरात आपला गंध ओळखला, तर सुटशील. नाहीतर बेट फुलून सुकेल, आणि त्याच्याबरोबर तूही!"

राजपुत्र उभा होता, तिथे वेळूचं बेट उभं राहिलं. वर्ष सरलं आणि बेटाला फुलोरा आला. वेळू जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. राजानं अंथरूण धरलं, राणीनं अन्न सोडलं.

जयकेतूची थोरली बहीण हेमावळ. तिनं पदर खोचला. बेटाला कोयता लावायचा नव्हता, म्हणून गळलेली पानं वेचून डेगीत उकळली. काय निघावं? शिजल्या पेंढ्याचा वास! तेव्हा बेटावर बसलेला भारद्वाज पक्षी बोलला, "राजकन्ये, वेळूला भट्टी सोसत नाही. त्याचा गंध तीन ठिकाणी विखुरला आहे. अग्निघोड्याच्या कुरणातला हिरवेपणा, नागसरोवरातला गारवा, राक्षसीच्या जटेतला वाळा. तिन्ही आण आणि जोडून उभा कर."

हेमावळ निघाली. अग्निघोडा म्हणाला, "माझ्यावरची नजर हटवलीस, तर जाळीन." तिनं नजर न हटवता कोवळं गवत कापलं, भुवया करपल्या, पण पापणी लवली नाही. सरोवराच्या नागानं पाण्याच्या घागरी मांडल्या आणि म्हणाला, "ह्यात माझं पाणी कोणतं?" तिनं वास घेतला आणि अचूक घागर उचलली. राक्षसीनं जटा पुढ्यात सोडल्या. "सांग, कशा आहेत?"

"वरून धुराचा वास येतो. मुळाशी वाळा मात्र अस्सल."

राक्षसी खदखदून हसली. "गोड बोलणारे पुष्कळ गिळले मी! घे, हवा तेवढा ने." आणि तिनं स्वतःच्या हातानं जट उपटून दिली.

राजकन्या परतली, तोवर बेटाची पानं झडली होती. तिनं गंध जोडला, चंदनाच्या तेलात उतरवला, बेटावर शिंपडला. एक कांडं हललं नाही. फटाफट कांडी तडकू लागली.

धूम्रजट प्रकटला. "पायांवर डोकं ठेव. भाऊ खोटं बोलला, असं सभेत सांग. आत्ता सोडतो त्याला."

राणीनं हात जोडले, "बाळ, ऐक गं त्याचं!"

हेमावळीनं आईचे जोडलेले हात धरले. "आईसाहेब, तो खोटं बोलला असता, तर मी लोटांगण घातलं असतं. तो खरं बोलला."

तिनं कुपी पुन्हा नाकाशी धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळं चंदनानंच गिळलं होतं! "आपण ह्याला झाड समजलो. वेळू म्हणजे गवत! गवतावर चंदन कशाला लादायचं? उरलेलं साहित्य आणा, नुसत्या पाण्यात उतरवू."

दरबारचे जुने अत्तरकार, राजगंधी, कळवळले, "राजकन्ये, चंदनावाचून? गादीचं ब्रीद मोडेल! शिवाय असा गंध घटकाभरही टिकायचा नाही."

"मला घटकाच हवी आहे. आणि ब्रीदापायी भाऊ जाणार असेल, तर ब्रीद जाऊ दे."

तिनं सरोवराच्या पाण्यात गंध उतरवला आणि ओंजळीनं बेटावर शिंपडला. सभेत हिरवा, गार, पोकळ कांड्यातून वारा यावा तसा वास पसरला. बेट करकरलं, वाकलं, ओंजळीशी आलं आणि दुभंगलं. आतून जयकेतू बाहेर पडला.

"हा वेळूच," धूम्रजटाच्या तोंडून निघून गेलं. एवढं एकच खरं तो जन्मात बोलला. खरं त्याच्या मायेला सोसलं नाही. त्याची जटा विरली, झगा विरला, आणि उरला तो धूर सेवकांनी खिडक्या उघडून घालवला.

राजा उठून सिंहासनावर बसला. राणीनं लेकरांना आपल्या हातानं भरवलं. गादीची रीत बदलली. ज्या गंधाला जे सोसेल, त्यातच तो उतरवावा, असं ठरलं.

जयकेतूनं विचारलं, "अक्का, मी सुकत होतो, तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

"वाटली रे. पण ती त्या मेल्याला कशाला दाखवू?"

अशी ताठ मानेची बहीण त्याला लाभली. ऐकणाऱ्यांच्याही घरी जन्मो.