वाटखर्चाचा उंट

एका राज्यात, जिथे डोंगर पहाटे जागा बदलत आणि कुणाला त्याचे नवल नसे, राजाचे जासूद दूरदूर निरोप नेत. परतल्यावर वाटखर्च सांगत आणि खजिनदार तो भरून देई. एकदा एका जासुदाने न घेतलेल्या ताईताचे पैसे एका मांत्रिकाच्या नावावर उकळले. मांत्रिकाला ते कळले. तो कोपला आणि त्याने शाप दिला, "जो खोटा खर्च सांगेल, त्याच्या घरी तो खर्च चालत येईल. आणि सांगणारा विरत जाईल!"

कुंतला त्या राज्यात भानुदत्त जासुदाची बायको होऊन आली. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, तोच अंगणात उंट आला. मग ओसरीवर एक नावाडी येऊन बसला. तिसऱ्या दिवशी एक आचारी थेट चुलीपाशी शिरला आणि तिच्या आमटीला नावे ठेवू लागला.

"अहो, हे पाहुणे कोण?"

"लांबचे आहेत," भानुदत्त पुटपुटला.

"किती लांबचे?"

"कधी आलेच नव्हते, इतक्या लांबचे," नावाडीच म्हणाला. "नदी कोरडी होती, बाईसाहेब. हे चालत आले आणि खर्च माझा लावला."

कुंतला हसली. मग तिचे हसू थांबले. भानुदत्ताच्या छातीतून तिला पलीकडची तुळस दिसत होती.

छपरावर साळुंकी बसली होती. ती बोलली, "तीन खोटे खर्च, तीन कबुल्या. भरदरबारात, मान वर करून. उद्या सूर्य मावळेपर्यंत. नाहीतर नवरा वाऱ्यावर गेला म्हणून समज."

"पण खोटे सांगितलेतच कशाला?" कुंतलाने नवऱ्याला विचारले.

"खजिनदार चंडसेन प्रत्येक खर्चाचा तिसरा हिस्सा कापतात. खरे सांगणारा उपाशी मरतो."

"म्हणून उंट?"

"म्हणून उंट."

दुसऱ्या दिवशी सारी वरात दरबारात गेली. भानुदत्ताने मान वर केली.

"उंट नव्हता." उंट सुस्कारा टाकून नाहीसा झाला.

"नाव नव्हती." नावाडी वल्ह्यासह गेला.

"आचारीही नव्हता. फुटाणे खाल्ले."

"तरीच जिभेला चव नाही!" म्हणत आचारी अंतर्धान पावला.

भानुदत्त पुन्हा भरीव दिसू लागला. मग त्याने खरा खर्च सांगितला. जोडे झिजले होते, फुटाणे घेतले होते, बस्स. चंडसेनाने सवयीने तिसरा हिस्सा कापला आणि भानुदत्ताचे पाय गुडघ्यापर्यंत दिसेनासे झाले!

"महाराज," कुंतला पुढे झाली, "यांनी खरे सांगितले आणि खजिनदारांनी ते खोटे ठरवले."

"सगळेच वाढवून सांगतात, बाई!" चंडसेन कडाडला.

"तुम्ही कापता म्हणून ते वाढवतात. ते वाढवतात म्हणून तुम्ही कापता. आधी थांबायचे कुणी, तेवढे सांगा."

राजा मोठ्याने हसला. "आधी आम्ही! चंडसेन, पुरते द्या. आणि आजपासून कापणे बंद."

चंडसेनाने जड हाताने पुरते दाम ठेवले. भानुदत्ताचे पाय जमिनीवर टेकले. ते पाहताच उरलेले जासूद कबुलीसाठी एकमेकांना ढकलू लागले. नगरातल्या घराघरांतून न आलेले हत्ती, पालख्या आणि वैद्य भराभर निघून गेले आणि रस्ते मोकळे झाले.

घरी येताच कुंतलाने खात्री करून घेण्यासाठी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला.

"आई गं!" भानुदत्त ओरडला.

"हं, आहात," ती म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली. शाप फिटला, राज्य सुखी झाले. जे आपले, तेवढेच आपल्या दारी येवो.