भिंगाचं वय

"आणि हे पुन्हा कधीच तयार होत नाही?" भंतेंनी विचारलं.

"डोळ्याच्या भिंगाच्या मधल्या भागात नाही होत. तिथली प्रथिनं एकदाच तयार होतात. नंतर जन्मभर तीच."

"एकदाच..."

"हो. म्हणून तर सांगते, भंते, थांबून काही उपयोग नाही. जे बिघडलं ते आपोआप नीट होणार नाही. ऑपरेशन हाच उपाय."

भंते रेवत विहाराच्या वरच्या पायरीवर बसले होते. वय एक्क्याऐंशी. कपाळावर चार टाके. दोन पायऱ्या खाली डॉ. उत्पला खोब्रागडे बसली होती. खाली वैनगंगेचं पात्र उन्हात पसरलं होतं, पण ते तिला एकटीलाच दिसत होतं.

भंते भिक्खूचं चीवर घेण्याआधी याच गावच्या शाळेत नागदेवे गुरुजी होते. उत्पला त्यांच्याच हाताखाली बाराखडी शिकली. पुढं नागपूरला गेली, परदेशी गेली, परत आली. बावीस वर्षं प्रयोगशाळेत तिनं एकच गोष्ट धरून ठेवली: डोळ्यातल्या भिंगातली प्रथिनं, आणि ती बिघडली की होणारा मोतीबिंदू. त्या विषयात तिचं मोठं नाव होतं. ते तिला चांगलं माहीत होतं.

भंतेंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गावच्या उपासकांनी तीनदा गाडी आणली, भंतेंनी तीनदा परत पाठवली. मागच्या आठवड्यात ते याच पायऱ्यांवरून पडले. मग कोणीतरी उत्पलाला फोन केला.

"उजवा डोळा मी बघितला," ती म्हणाली. "आणखी चार-सहा महिने गेले तर आतलं सगळं पाझरायला लागेल. डोळ्यातला दाब वाढेल, मागची नस मरेल. मग कोणी काही करू शकणार नाही. मीसुद्धा नाही."

"तूसुद्धा नाही."

"भंते, मी जगभर मोतीबिंदूवर बोलत फिरते. आणि माझेच गुरुजी भिंत चाचपत चालतात. लोक काय म्हणतील मला?"

भंते हसले.

"ऑपरेशन माझं की तुझं?"

उत्पला ओशाळली.

"राग आलाय मला या डोळ्यांचा," भंते म्हणाले. "बुद्धाच्या पाली सुत्तांचं मराठी करत होतो. नऊ वर्षं करत होतो. निम्म्यावर आलो आणि अक्षरं विरघळली. भर रस्त्यात सोडून गेले ना हे... दगा दिला. जे दगा देतं त्याच्या मागं किती धावायचं?"

"दगा वगैरे काही नसतं. रसायन आहे ते."

"मग रसायन सांग. मी तुला बाराखडी शिकवताना घाई केली नव्हती."

उत्पलानं श्वास घेतला. मोठमोठ्या सभागृहांत सांगितलेलं तिनं दोन पायऱ्या खालून सांगायला घेतलं.

"अंड्यातला पांढरा भाग कच्चा असताना आरपार दिसतो. तापला की पांढरा होतो, मग पुन्हा आरपार होत नाही. भिंगातही तसंच होतं. तिथं प्रथिनं दाटीनं बसलेली असतात, पण शिस्तीत. म्हणून उजेड सरळ आत जातो. वय झालं, ऊन लागलं, की काही वाकतात, सुटतात, एकमेकांना चिकटून गोळे होतात. उजेड त्या गोळ्यांवर आपटून विखुरतो. तेच तुमचं धुकं."

"आणि इतकी वर्षं गोळे का झाले नाहीत?"

हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नसत.

"त्यातलं एक प्रथिन राखण करतं," ती म्हणाली. "शेजारचं वाकायला लागलं की हे जाऊन त्याला धरतं. पडू देत नाही. दुसऱ्याला चिकटू देत नाही."

"नीट करतं त्याला?"

"बहुतेकदा नाही. नुसतं धरून ठेवतं."

"किती वेळ?"

"कायमचं. एकदा धरलं की सोडत नाही."

"मग?"

"मग एक दिवस धरायला मोकळं कोणी उरत नाही. सगळ्यांचे हात भरलेले असतात. त्यानंतर जे सुटतं, ते सुटतंच."

त्यांचे पांढुरके डोळे तिच्या आवाजाच्या दिशेनं होते.

"म्हणजे जे दिसायचं बंद झालं..."

"ते धरणारे संपले म्हणून."

"आणि सुरुवातीपासून जे दिसत होतं..."

पुढचं वाक्य उत्पलाच्या कुठल्याच शोधनिबंधात नव्हतं.

खाली घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं.

"हे तयार कधी होतं?" भंतेंनी विचारलं.

"अगदी मधलं? जन्माच्या आधी. आईच्या पोटात."

"पुन्हा सांग."

"आईच्या पोटात, भंते. दीड-दोन महिन्यांचा गर्भ असतो तेव्हा सुरुवात होते. त्यानंतर वर नवे थर चढत जातात. पण गाभा तोच राहतो."

भंतेंची बोटं मांडीवर हलत होती ती थांबली.

"माझी आई मी सहा दिवसांचा असताना गेली," ते म्हणाले.

उत्पलाला हे ठाऊक नव्हतं. गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"ताना नाव तिचं. मावशीनं वाढवलं मला. फोटो नाही. लुगड्याचा तुकडा नाही. पुरलं कुठं तेही पुरानं नेलं. मावशीला विचारायचो, कशी होती गं? ती दोनच गोष्टी सांगायची. विड्या वळायची. आणि लाखोरीच्या डाळीत आंबाडी घालून शिजवायची, तेच तिला आवडायचं."

ते थांबले.

"पोटात असताना हे भिंग... कशाचं होतं?"

"आई जे खाते त्याचं."

"म्हणजे ती डाळ."

"...हो."

"आंबाडी."

उत्पलानं नुसती मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाली, "हो, भंते."

भंतेंनी दोन्ही हात जोडले. नमस्कार कोणीकडं करावा ते त्यांना कळेना. समोर नदी, मागं बुद्धमूर्ती, वर आभाळ. अखेर त्यांनी जोडलेले हात उचलून स्वतःच्या मिटलेल्या पापण्यांना टेकवले आणि तसेच बसून राहिले. हातांमधून पाणी मनगटावर आलं.

उत्पला दुसरीकडं बघू लागली. आता तर हे अजिबात तयार होणार नाहीत, असं तिला वाटलं. आईची एकुलती एक वस्तू कोण काढून देईल? आपणच सगळं सांगून बसलो. न सांगता गाडीत बसवायला हवं होतं.

"गाडी कुठं लावलीस?" भंतेंनी विचारलं.

"टेकडीखाली. का?"

"चल."

"कुठं?"

"दवाखान्यात. काढून टाकू."

ती बघतच राहिली. "आत्ता तर तुम्ही म्हणालात, आईचं दुसरं काही..."

"एक्क्याऐंशी वर्षं मला धरून उभी आहे गं ती. हात भरलेत म्हणतेस. आणि मी तिलाच बोल लावत बसलोय. आता मोकळं करू तिला."

भिक्खू बाईचा हात धरत नाहीत. भंतेंनी काठीचं एक टोक पुढं केलं, उत्पलानं ते धरलं आणि एकेक पायरी सांगत त्यांना खाली आणलं. येताना ती ज्या तावानं चढली होती, तो कुठं गेला ते तिला समजलं नाही.

तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉ. परचाकेंनी दुसऱ्या दिवशी उजवा डोळा ऑपरेशनला घेतला. टेबलावर आडवं केल्यावर भंतेंनी पुन्हा हात जोडले.

"भंते, हात खाली घ्या," डॉक्टर म्हणाले. "कपडा निर्जंतुक केलाय."

"एकच मिनिट. एकीचा निरोप घ्यायचाय."

डॉक्टरांनी उत्पलाकडं पाहिलं. ती कोपऱ्यात हिरवा गाऊन घालून उभी होती. असली शंभर ऑपरेशनं तिनं पाहिली होती. आज तिला चष्मा पुसावा लागला.

डॉक्टर एक मिनिट थांबले.

मोतीबिंदू फार कडक झाला होता. यंत्रानं फोडून ओढून घेता येण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून बारीक चिरेतून अख्खाच बाहेर काढला. तपकिरी, चपटा, लहानशा चिंचोक्यासारखा. एरवी तो कचऱ्यात जातो. उत्पलानं काचेच्या छोट्या बाटलीत मागून घेतला.

सकाळी पट्टी निघाली. भंतेंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आधी स्वतःच्या चीवराकडं पाहिलं.

"याचा रंग असा आहे?"

"असाच होता, भंते."

मग खिडकीतून आभाळाकडं. बराच वेळ. मग तिच्याकडं.

"तुझे केस पिकले की."

"दहा वर्षं झाली."

"कोणी बोललं नाही मला."

दोघंही हसले. हसता हसता उत्पलानं पदराआडून बाटली काढली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. कोणी काही सांगायची गरज पडली नाही. भंते वाकले. नव्या डोळ्यानं त्यांनी त्या दाण्याकडं पाहिलं... बाटली फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"सगळं यातून बघितलं," ते हळूच म्हणाले. "हेच तेवढं राहिलं होतं."

बाहेर पाच-सात उपासक येऊन थांबले होते. बाटली विहारात ठेवू, चांदीची डबी करू, असं त्यांचं ठरत होतं. उत्पलालाही ते पटलं होतं. तिनं तसं सांगितलं.

भंतेंनी नकारार्थी मान हलवली.

"तुझ्या कामाचं आहे का हे?"

"आहे," ती म्हणाली. "खूप आहे. पण मी मागणार नव्हते."

"म्हणून तर देतोय. डबीत ठेवलं तर मी राखत बसेन, आणि ते नुसतं पडून राहील. त्याला कामाची सवय आहे."

उत्पलानं पदर डोक्यावरून घेतला आणि गुडघे टेकून त्रिवार वंदन केलं. लहानपणी शाळेत ती गुरुजींना वाकून नमस्कार करायची, तेव्हा मनात पहिल्या नंबराचा विचार असायचा. आज मनात काही नव्हतं. उठल्यावर तिला एवढंच म्हणता आलं:

"भंते, बावीस वर्षं मी ते खराब कसं होतं तेच मोजलं."

"आता?"

"आता आधी ते टिकलं कसं, ते बघेन."

भंतेंनी बाटली तिच्या बाजूला सरकवली.

तिनं पिशवीतून छापील चिठ्ठी काढली. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नमुन्यावर अशी चिठ्ठी लागते. नाव लिहीत नाहीत. क्रमांक, कुठला डोळा, वय, एवढंच. बाटली हातात धरून ती पुटपुटत लिहू लागली.

"उजवा... वय एक्क्याऐंशी..."

"खोड ते," भंते म्हणाले.

तिनं मान वर केली. पेन हातात तसंच राहिलं.

"माझ्याहून थोडं जास्त लिही."