उचललेल्या पावलाची मात्रा

तालुक्याच्या एका गावी एकदा एक वृद्ध बँडमास्तर राहत होते. पोलीस बँडातून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी गावातल्या अठरा माणसांना पाच रेघांवरची स्वरलिपी वाचायला शिकवली होती. त्यांत एक पोस्टमन होता, एक शिंपी होता, पिठाच्या गिरणीचा मालक येसबा होता. या येसबाकडे मोठा ढोल. आणि क्लॅरिनेट वाजवणारी सारिका होती. ती नगरपालिकेत कारकून होती, आणि मास्तरांची सर्वांत चिकाटीची शिष्या.

गावच्या बागेतला बँडस्टँड अठरा वर्षं पडून होता. तो दुरुस्त झाला, आणि रविवारी सकाळी तिथे पुन्हा बँड वाजणार असं ठरलं. मास्तरांनी तरुणपणी रचलेली संचलनाची एक धून होती. ती गावात कधीच वाजली नव्हती. तिची एकुलती एक हस्तलिखित प्रत आता हात लावताच कडा सोडत होती. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध काळा डाग आला होता, त्यामुळे पुन्हा लिहून काढणं त्यांना शक्य नव्हतं.

"मी कॉम्प्युटरवर लिहून देते," सारिका म्हणाली. "शनिवारी पाचच्या तालमीला प्रत्येकाच्या हातात छापील पान असेल."

"आणि नसलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर बागेच्या समितीनं सांगितलंय तसं, नेहमीची लग्नातली गाणी वाजवू."

 मास्तरांनी प्रत तिच्या हाती दिली.

सारिकाने निवडलेलं सॉफ्टवेअर जरा निराळं होतं. त्यात सूर चित्रासारखे काढायचे नसत, शब्दांत लिहायचे असत. कोणता सूर, किती मात्रांचा, हे अक्षरांनी आणि आकड्यांनी सांगायचं. मग ते सॉफ्टवेअर ते वाचून पाच रेघांचं सुबक पान तयार करी. धून चार मात्रांच्या ठेक्याची, म्हणून चार-चार मात्रांचं एक घर आणि प्रत्येक घराशेवटी एक उभी रेघ. ओळ तोडायची ती या उभ्या रेघेपाशीच, असा त्याचा शिरस्ता होता.

आणि तिथेच सारं अडलं. उभ्या रेघा मधूनच नाहीशा होत. रेघ नाही म्हणून ओळ तुटेना, आणि सूर पानाच्या उजव्या कडेबाहेर धावत सुटत. सारिकाने अक्षर बारीक केलं. ओळी जबरदस्तीने तोडल्या. हा सूर जरा डावीकडे घे, ही सुरांवरची कमान थोडी वर उचल, अशा सूचना लिहिल्या. तिसरी ओळ सावरली की सातवी ढासळे. बुधवारपासून शनिवार दुपारपर्यंत अशा एकसष्ट सूचना झाल्या होत्या. आपल्या वहीत तिने त्या क्रमांक घालून नोंदवल्या होत्या.

शनिवारी दुपारी दोन वाजता मास्तर काठी टेकत तिच्या घरी आले.

"झालं का गं?"

"कसलं होतंय, मास्तर! एकसष्ट सूचना दिल्या, तरी ऐकत नाही. हट्टी आहे मेलं. तुमच्या प्रतीत रेघ जिथे आहे तिथे मी रेघेची खूण केली, तर म्हणतं, इथे घर पुरं होत नाही. पहिल्याच घराला तक्रार, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांनाच. शेवटी त्या खुणाच काढून टाकल्या. तेव्हा कुठे गप्प बसलं."

"गप्प बसलं, आणि पान?"

"पान तर आणखीच बिघडलं."

"सगळ्यांची पानं अशीच?"

"नाही, ढोलाचं पान झकास आलंय." सारिकाच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा अभिमान उतरला. "एकच पान आहे जे मी भिंतीवर लावीन."

 मास्तर म्हणाले, "येसबाला बोलाव. ढोल घेऊन ये म्हणावं."

सारिका चकित झाली. तीन तास उरलेले, क्लॅरिनेटची पानं विस्कटलेली, आणि मास्तर बोलावताहेत कोणाला, तर ज्याचं पान निर्दोष आहे त्याला! पण गुरूच्या शब्दावर वाद घालायची तिला सवय नव्हती.

येसबा आला तो भुवयांवर पीठ घेऊनच. "काय मास्तर, दळण अर्धं टाकून आलोय. माझ्या पानात आहे काय बघण्यासारखं? घराला एक ठोका. डोळे मिटून वाजवीन."

"डोळे उघडे ठेव, आणि छापलंय तेच वाजव," मास्तर म्हणाले. "सारिका, तू धून वाजव. पाठ आहे ना?"

"आहे."

"मग कर सुरुवात."

क्लॅरिनेट सुरू झालं, ढोल सुरू झाला. मास्तर काठी भिंतीला टेकवून उभे राहिले आणि एक्क्याऐंशी वर्षांचे पाय जागच्या जागी उचलून चालू लागले. डावा, उजवा. डावा, उजवा. आठ-दहा पावलांत ते अडखळले. पुन्हा सावरले, पुन्हा अडखळले.

"अहो, पडाल!" येसबा ओरडला.

"पडेन तर काय! धून म्हणते डावा पाय टाक, तुझा ढोल म्हणतो उजवा. माणसाने चालायचं कसं?"

"मी छापलंय तेच वाजवलं हां, मास्तर. माझ्यावर नको."

"तुझ्यावर नाहीच. पोरी, पहिला सूर वाजव. फक्त पहिला."

सारिकाने वाजवला.

"आता माझ्या पायाकडे बघ." मास्तरांनी डावा पाय उचलला आणि अधांतरी धरला. "हा तो सूर. पाय अजून जमिनीवर कुठे आहे? दुसऱ्या सुराला टेकतो, आणि ढोल तिथे पडतो. उचललेला पाय तू टेकलेल्या पावलांत मोजलास."

सारिकाने झटकन हस्तलिखित उचललं आणि खिडकीशी नेलं. पहिल्या सुराच्या पुढे, तेलाच्या जुन्या डागाखाली, केसाएवढी बारीक उभी रेघ होती! चार दिवस ती त्या रेघेला डागाचाच भाग समजत होती.

"मास्तर, म्हणजे पहिलं घर एकाच मात्रेचं! आणि मी ते सांगितलंच नाही. म्हणून सगळी धून एका मात्रेनं पुढे सरकली, लांब सूर रेघांच्या आडवे आले, म्हणून रेघा गेल्या, म्हणून ओळी..."

"ते तुझं तुला ठाऊक. आता त्या एकसष्ट सूचना काढ."

"सगळ्या?" तिचा हात वहीवर थबकला. "त्यातल्या काही तरी उपयोगी पडतील."

"चूक असताना घातलेले टेकू आहेत ते. आधी काढ. लागलेच तर पुन्हा घाल."

सारिकाने त्या पुसल्या. पुसताना तिला जिवावर आलं, हे खरं. मग वरच्या बाजूला एक ओळ लिहिली: आरंभी एक मात्रा. काढून टाकलेल्या रेघांच्या खुणा पुन्हा घातल्या, ढोलाच्या पानावर सुरुवातीला एका मात्रेचं मौन लिहिलं, आणि बटण दाबलं.

एकही तक्रार आली नाही. पडद्यावर पान उमटलं. रेघेखाली रेघ, घराशेजारी घर, उजवी कडा दोरी लावल्यासारखी सरळ. तीन पानांची दोन झाली. पहिलं पान संपत होतं ते नेमकं विश्रांतीपाशी, उलटायला हात मोकळा मिळावा असं!

"बसलं! मास्तर, बसलं! मी काहीच केलं नाही, आपलं आपण बसलं!" सारिका खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी होती. येसबाने आनंदाने ढोलावर थाप मारली, आणि घरभर पीठ उडालं.

"माझ्या पानाला काय झालं पण?" त्याने विचारलं.

"आधी एक मात्रा गप्प राहायचं."

"हात्तिच्या, ते तर मला बायकोनं कधीच शिकवलंय."

हसू ओसरल्यावर सारिका म्हणाली, "पण मास्तर, बिघडलेली पानं सोडून तुम्ही नेमकं ढोलाचं पान का मागितलंत?"

मास्तर खुर्चीत टेकले. "बिघडलेल्या पानावर तू चार दिवस राबलीस. तिथे मूळ चूक तुझ्या सूचनांखाली गाडली गेली होती. ढोलाला घराला एकच ठोका, त्याला लपायला जागा नाही. आणि दुसरं सांगू? ते यंत्र पहिल्याच घराला तुला सांगत होतं की हे मोजमाप चुकतंय. तू मोजमाप तपासलं नाहीस, सांगणाऱ्याचं तोंड बंद केलंस. पान सुंदर करणं हे त्याचं काम. धून खरी सांगणं हे तुझं. तू त्याचं काम करायला गेलीस, आणि तुझं राहून गेलं."

सारिकाने मान खाली घातली. वहीतल्या एकसष्ट नोंदींवर तिने एक तिरकी रेघ ओढली, आणि खाली फक्त एक ओळ लिहिली: आरंभी एक मात्रा.

पाच वाजता अठरा जणांच्या हाती पानं होती.

रविवारी सकाळी बँडस्टँडवर मास्तर उभे राहिले. समोरची पानं त्यांना दिसत नव्हती, माणसं धूसर दिसत होती. त्यांनी हात वर उचलला. क्लॅरिनेटने तो एक सूर घेतला. येसबाची काठी हवेत थांबली होती. त्या मात्रेपुरती सारी बाग जणू एक पाय उचलून उभी राहिली.

मग ढोल पडला. कठड्याशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या हवालदाराचा डावा पाय, त्याला कोणी न सांगता, जमिनीवर टेकला. पुढे उजवा. पुढे डावा.